पाचवा प्रश्न



एआरटी केंद्रात औषध घ्यायला आलेल्या माणसाला दर खेपेला चार प्रश्न विचारायचे असतात. खोकला आहे का? ताप येतो का? वजन कमी झालंय का? रात्री घाम येतो का? एचआयव्हीसह जगणाऱ्यांना क्षयाचा धोका फार मोठा, म्हणून हे चार प्रश्न. कधी डॉक्टर विचारतात, कधी सिस्टर, कधी समुपदेशक. विचारायला अर्धं मिनिट पुरतं. एका जरी प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तरी पुढची तपासणी सुरू होते आणि क्षय वेळेवर सापडण्याची शक्यता वाढते. हे प्रश्न कुणाच्या आठवणीवर किंवा मर्जीवर सोडलेले नाहीत, ते कामाचा भाग म्हणून ठरवून दिलेले आहेत, हीच त्यांची ताकद आहे.

या वेळचं संपादकीय एका पाचव्या प्रश्नाविषयी आहे. मी आजवर ज्या ज्या केंद्रांत बायकांबरोबर गेले, तिथे तो असा दर खेपेला विचारलेला मी ऐकलेला नाही. प्रश्न एवढाच : "ताई, अंगावरून पांढरं जातं का? खाली खाज, आग होते का?"

आमच्या गटातर्फे एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची दर महिन्याला बैठक होते. रेशनकार्ड, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, मुलांच्या शाळा, सासरच्या घरातला वाटा, गोळ्यांच्या वेळा अशा सगळ्या विषयांवर बायका मोकळेपणी बोलतात, भांडतात, एकमेकींना सल्ले देतात. बैठक संपते, चहा होतो, बायका चपला शोधायला लागतात. अशा वेळी एखादी मागे रेंगाळते. "ताई, एक विचारायचं होतं." आणि मग कळतं की दोन-दोन, तीन-तीन महिने तिला रात्री झोप नाही. खाजवून खाजवून कातडी सोलवटली आहे. लघवीला बसलं की मिठाचं पाणी ओतल्यासारखी आग होते. नवरा जवळ आला की जीव नकोसा होतो. या महिन्यांत ती तीन वेळा दवाखान्यात जाऊन आली, औषधाचा डबा घेऊन आली, चारही प्रश्नांना 'नाही' म्हणून आली. या त्रासाबद्दल तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

हा त्रास बहुतेक वेळा काय असतो, ते आधी समजून घेऊ. कँडिडा नावाची एक बुरशी आहे. तिलाच यीस्ट म्हणतात. ती काही बाहेरून चालून आलेली शत्रू नव्हे. कित्येक निरोगी बायकांच्या योनिमार्गात, तोंडात, आतड्यात ती थोड्या प्रमाणात असतेच. योनिमार्गातले उपयोगी जीवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. हा तोल बिघडला की ती वाढते. मग खाज, आग, सूज, लाली, लघवीच्या वेळी आणि संबंधाच्या वेळी दुखणं आणि दह्याच्या कवडीसारखा किंवा फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव असा त्रास सुरू होतो. या स्रावाला सहसा घाण वास नसतो. हिरवट-पिवळा, फेसाळ किंवा वास मारणारा स्राव असेल तर कारण बहुधा वेगळं असतं आणि औषधही वेगळं लागतं. पाळी येण्यापूर्वीचा किंवा पाळीच्या मध्यावरचा, खाज-आग नसलेला पातळ स्राव हा तर आजारच नव्हे.

साधारण चार बायकांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा बुरशीचा त्रास होतो. गरोदरपणात होतो, मधुमेहात होतो, एखाद्या आजारासाठी अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यावर होतो. त्यामुळे एक गोष्ट ठळकपणे सांगते : खाली खाज सुटली म्हणजे एचआयव्ही झाला असा अर्थ मुळीच नाही. आपल्या गटातल्या बैठकांत हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण भीतीपोटीही बायका गप्प बसतात.

मग एचआयव्हीचा संबंध कुठे येतो? एचआयव्ही शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. रक्तातल्या सीडी४ पेशी कमी होत जातात तसतशी बुरशीला आवरणारी यंत्रणा ढिली पडते. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या योनिमार्गात ही बुरशी जास्त वेळा आढळते आणि प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली, तितका त्रास वारंवार होतो. ज्या बाईच्या गोळ्या नीट चालू आहेत आणि विषाणू दबलेला आहे, तिला हा धोका पुष्कळ कमी होतो. औषधं सगळ्या बायकांना लागतात तीच इथेही लागतात आणि लागूही पडतात. म्हणजे हा त्रास बरा होणारा आहे, त्याचं औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळू शकतं. तरीही बाई महिनोन्‌महिने तो सोसते. ही गोष्ट मला आजारापेक्षाही जास्त अस्वस्थ करते.

हीच बुरशी तोंडात वाढली तर काय होतं, ते पाहा. जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात. एचआयव्हीचं काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ते ओळखता येतात. तो बॅटरी घेऊन 'आ करा' म्हणतो. तोंडातली बुरशी हटत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार तो आजाराचा तिसरा टप्पा मानला जातो. बुरशी तीच, बाई तीच. पण तोंडातल्या बुरशीची दखल घेतली जाते आणि कमरेखालच्या बुरशीविषयी साधा प्रश्नही निघत नाही. तोंड बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही असतं, हे तर यामागचं कारण नसेल?

हा संशय माझ्या एकटीचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो चळवळीतल्या प्रत्येकीनं माहीत करून घ्यावा असा आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात एड्सची व्याख्या ठरली ती प्रामुख्यानं पुरुष रुग्णांना पाहून. कोणते आजार झाले म्हणजे 'एड्स' म्हणायचं याची १९८७ साली जी सुधारित यादी तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं केली, तिच्यात स्त्रियांच्या जननेंद्रियांचा एकही आजार नव्हता. पुन्हा पुन्हा उलटणारा योनिमार्गाचा बुरशी-संसर्ग नाही, ओटीपोटातली सूज नाही, गर्भाशयमुखाचा कर्करोगही नाही. या यादीवर नुसती आकडेवारी अवलंबून नव्हती. अपंगत्वाचा भत्ता, वैद्यकीय मदत अशा गोष्टीही तिच्यावर ठरत. परिणामी गरीब बायका, त्यात बहुसंख्य काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या, एचआयव्हीनं खंगून मरत होत्या आणि कागदोपत्री त्यांना एड्स झालेलाच नव्हता.

१९९० साली टेरी मॅकगव्हर्न या तरुण वकील बाईनं अशा बायकांच्या वतीनं अमेरिकी सरकारवर दावा लावला. 'ॲक्ट अप' या संघटनेतल्या बायकांनी वॉशिंग्टनमध्ये निदर्शनं केली. या लढ्यात कॅटरिना हॅसलिप नावाची एक काळी स्त्री होती. न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स इथल्या बायकांच्या तुरुंगात शिक्षा भोगताना तिनं इतर कैदी बायकांच्या साथीनं एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी आधारगट उभा केला होता. सुटल्यावर ती या मागणीसाठी बोलत राहिली. अखेर व्याख्या बदलली आणि १ जानेवारी १९९३ पासून लागू झाली. गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग एड्सच्या यादीत आला. सतत राहणारा, वारंवार होणारा किंवा औषधाला दाद न देणारा योनिमार्गाचा बुरशी-संसर्ग हा एचआयव्हीशी निगडित लक्षणांच्या यादीत नोंदला गेला. कॅटरिना हॅसलिप मात्र ते पाहू शकली नाही. डिसेंबर १९९२ मध्ये, नवी व्याख्या लागू व्हायला महिनाही उरला नसताना, तिचा मृत्यू झाला. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या स्त्रियांच्या आरोग्याचा दीर्घकाळ चालणारा मोठा सरकारी अभ्यास सुरू झाला तोही १९९३ सालीच.

बायकांचं दुखणं यादीत यावं यासाठी कोर्टात आणि रस्त्यावर जावं लागलं, ते आपोआप यादीत आलं नाही. आपल्याकडची गोष्टही यापेक्षा फार वेगळी नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक वा अनेक आजार होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढाच सरकारी हिशेब होता.

एचआयव्हीच्या बाबतीतही तेच. पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा १९९३ ते १९९६ या काळात अभ्यास झाला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ बायकांपैकी १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही असल्याचं त्यात दिसलं. नवऱ्याशी एकनिष्ठ राहून संसार करणाऱ्या बाईलाही एचआयव्ही होतो हे १९९७ साली अशा रीतीनं जगासमोर आलं. तोवर एड्सच्या जाहिरातींत बाई दिसे ती एक तर 'वाईट' बाई म्हणून, नाहीतर बाळाला आजार देणारी आई म्हणून. आज देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत आणि सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. या बायका आता मरणाच्या दारात बसलेल्या नाहीत. त्या कामाला जातात, मुलं वाढवतात, काही नातवंडं खेळवतात. नुसतं जिवंत राहणं त्यांना पुरेसं कसं असेल? रात्रीची झोप, न दुखणारं शरीर आणि हवासा वाटला तर शरीरसुखाचा आनंद हेही जगण्याचाच भाग आहेत.

आता प्रश्न उरतो, बाई सांगत का नाही? "बायकांमध्ये जागरूकता नाही" असं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. न सांगण्यामागे तिची स्वतःची कारणं असतात, आणि बहुतेक वेळा ती अगदी खरी असतात.

आमच्या बैठकीला येणाऱ्यांत बऱ्याच जणी विधवा आहेत. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. त्याआधीच्या वर्षांत कित्येकींचे नवरे औषधाविना गेले, बायका मागे राहिल्या. अशा एका बाईनं मला विचारलं होतं, "ताई, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली. आता मला हा त्रास आहे म्हणून सांगितलं तर डॉक्टर काय समजेल?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. कारण योनिमार्गाच्या स्रावाचं सरकारी औषध मिळतं ते लैंगिक आजारांच्या विभागात. सुरक्षा क्लिनिक असं त्याचं नाव. तिथे प्रत्येक लक्षणसमूहासाठी वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं असतात. स्रावासाठी हिरवं पाकीट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. सोय चांगली आहे, औषध मोफत आहे. पण त्या दारात उभं राहायचं म्हणजे विधवेनं स्वतःच्या चारित्र्यावर प्रश्नचिन्ह ओढवून घेणं. प्रत्यक्षात बुरशीचा संसर्ग हा लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांत धरला जात नाही. तो कुमारिकेला होतो, विधवेला होतो, सत्तरीच्या मधुमेही आजीलाही होतो. हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खेदाची गोष्ट ही, की दवाखान्यातल्या सगळ्यांनाच ते मनापासून पटलेलं असतं असंही नाही.

सधवेची अडचण उलटी. तिला संबंध नकोसे होतात, कारण दुखतं. नवऱ्याला वाटतं, हिचं मन उडालं. 'नाही' म्हटलं तर संशय, मारहाण. दवाखान्यातून पाकीट आणलं आणि "नवऱ्यालाही घेऊन या" असं सांगितलं गेलं, तर घरी वेगळंच रामायण. बुरशीच्या साध्या त्रासात नवऱ्याला औषध देण्याची सहसा गरजही नसते. पण लैंगिक आजारांचे सगळे प्रकार एकाच सुरात सांगितले जातात आणि निस्तरावं लागतं तिला.

तिसरं कारण तपासणीचं टेबल. एचआयव्ही आहे असं कळल्यावर आतून तपासणी करायला टाळाटाळ झाल्याचे अनुभव आमच्या बैठकीत अनेकींनी सांगितले आहेत. लांबूनच विचारायचं, न बघता गोळ्या लिहून द्यायच्या, नाहीतर दुसरीकडे पाठवायचं. कुठे पडदाच नाही, कुठे बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात नाव आणि आजार. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा भेदभाव करणं या कायद्यानं मना आहे, संमतीशिवाय आजार उघड करायलाही मनाई आहे. मोठ्या रुग्णालयांत तक्रार अधिकारी आणि राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. आपल्या किती गटांनी हा कायदा बायकांना वाचून दाखवला आहे?

आणि शेवटचं कारण सर्वांत जुनं. आपल्या आया-आज्यांनी आपल्याला शिकवलंय की पांढरं जाणं हे बाईच्या नशिबातच असतं. "उष्णता झाली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी." "अंगात शक्ती नाही म्हणून जातंय." एवढ्यावर भागलं नाही की मग घरगुती अघोरी उपाय. डेटॉलच्या पाण्यानं धुणं, साबण आतपर्यंत घालणं, कढत मिठाच्या पाण्यात बसणं. यानं योनिमार्गाचा नैसर्गिक तोल आणखी बिघडतो आणि सोललेली कातडी आणखी पोळते. आतून धुवायचं काहीच नसतं. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे. आतले कपडे सुती असावेत आणि उन्हात वाळवावेत हे आपण सांगतो खरं. पण ज्या घरात ते कपडे साडीखाली झाकून दमटच वाळवावे लागतात, तिथे हा सल्ला देण्याआधी दोरीवरच्या त्या लाजेबद्दलही बोलावं लागेल.

आता गटांत सांगण्यासारख्या काही कामाच्या गोष्टी. कार्यकर्तीनं डॉक्टर व्हायचं नाही, पण एवढं तिला माहीत असावं.

साध्या त्रासाला फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा क्लोट्रिमाझोलसारखं आत ठेवायचं औषध पुरतं. त्रास तीव्र असेल किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर डॉक्टर जास्त दिवसांचा उपचार देतात. तो मध्येच सोडू नये. गरोदर बाईनं बुरशीसाठी पोटात गोळी घ्यायची नाही, तिला आत ठेवायचं औषध सात दिवस देतात. म्हणून पाळी चुकली असेल तर आधी ते सांगावं. क्षयाची औषधं चालू असतील तर तेही सांगावं, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे फ्लुकोनाझोलचा परिणाम कमी होतो.

आत ठेवायची मलमं आणि गोळ्या बहुधा तेलकट असतात आणि तेलानं रबरी निरोध कमकुवत होतो, फाटू शकतो. मलम चालू असताना निरोधाच्या भरवशावर राहू नये, हे जोडप्याला स्पष्ट सांगायला हवं. मी अजून एकाही मलमाच्या चिठ्ठीबरोबर हे सांगितलेलं ऐकलेलं नाही. याच जोडीला आनंदाची गोष्टही सांगावी : गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर नुसतं पाकीट देऊन भागत नाही, कारण शोधायला हवं. रक्तातली साखर तपासली का? मधुमेहाची काही नवी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास वाढतो. एआरटीच्या गोळ्या चुकताहेत का? व्हायरल लोड कधी तपासला? स्रावाचा नमुना तपासला का? कारण नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या जातीही असतात आणि त्यांचा उपचार निराळा असतो. असा वारंवार त्रास असेल तर आठवड्याला एक गोळी याप्रमाणे सहा महिने उपचार देतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा.

आणि ज्या गोष्टीसाठी मला हा पाचवा प्रश्न सर्वांत जास्त मोलाचा वाटतो, ती म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला त्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. बुरशीमुळे कर्करोग होत नाही, हे नीट लक्षात घ्या. पण न तपासता वर्षानुवर्षं 'पांढरं जातंय' म्हणून पाकिटं देत राहिलं, तर त्या नावाखाली दुसरंच काही झाकलं जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार एचआयव्ही असलेल्या स्त्रीची ही चाचणी वयाच्या पंचविशीपासूनच सुरू व्हायला हवी. सौम्य व्हिनेगरासारखं द्रावण लावून गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी अगदी साधी, काही मिनिटांची आहे. पाचव्या प्रश्नाला 'हो' म्हणणारी बाई एकदा टेबलापर्यंत पोचली की तिची तीही तपासणी होऊ शकते.

यावर आक्षेप येतील, मला माहीत आहे. केंद्रातल्या माणसांवर कामाचा बोजा आहे, समुपदेशकांची पदं कमी, रांगा लांब. हे खरं आहे, आणि त्यांच्या पगाराच्या आणि पदांच्या मागण्यांबरोबर आपण उभं राहिलंच पाहिजे. पण अर्ध्या मिनिटाच्या चार प्रश्नांना वेळ मिळतो, तर पाचव्याला का मिळू नये? दुसरा आक्षेप, सूचनांमध्ये लैंगिक आजारांच्या तपासणीची तरतूद आधीच आहे. आहे. पण ती 'लैंगिक आजार' या नावाखाली आहे, आणि विधवा बाई त्या नावाला 'हो' म्हणत नाही. पांढरं जातं का, असं तिच्या भाषेत विचारलं तर म्हणते. तिसरा आक्षेप आपल्यातलाच : एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना खाजेवर काय लिहायचं! समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मला केस लिहायला शिकवलं तेव्हा घर, उत्पन्न, नाती, व्यसनं असे कितीतरी रकाने भरायला लावले. तिथेही झोपेचा रकाना होता, पण झोप का येत नाही याचं हे उत्तर लिहायला कुठे जागा नव्हती. जे लिहायला जागाच नसते, ते हळूहळू क्षुल्लक ठरतं. ते मुळात क्षुल्लक असतं असं नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१. प्रत्येक एआरटी केंद्रात, दर खेपेला, प्रत्येक स्त्रीला तिच्या भाषेत हा पाचवा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर तिच्या कार्डावर नोंदलं जावं. विचारणारी शक्यतो स्त्री असावी, आणि विचारणं आडोशाला व्हावं.

२. बुरशीचं औषध एआरटी केंद्रातच मिळावं. त्यासाठी दुसऱ्या दाराशी रांग लावायला लागू नये.

३. वारंवार त्रास होणाऱ्या प्रत्येकीची आतून तपासणी, साखरेची तपासणी आणि व्हायरल लोड व्हावा. पंचविशीपुढच्या प्रत्येकीची गर्भाशयमुखाची तपासणी ठरलेल्या काळानं व्हावी.

४. औषध देताना निरोध, गरोदरपण आणि इतर औषधं यांबद्दल सांगणं बंधनकारक असावं.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. पण एक काम उद्यापासून करता येईल, त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही. बचतगटाची बैठक असो, आधारगटाची असो की आशाताईंची, आपल्यापैकी कुणीतरी हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा, बैठकीच्या मध्यात, चपला घालायच्या वेळेची वाट न बघता. पहिल्यांदा बायका हसतील, पदर तोंडाला लावतील. दुसऱ्यांदा एखादी बोलेल. तिसऱ्या बैठकीत तिघी-चौघी मिळून दवाखान्यात जातील आणि तिथे एकमेकींसमोर सांगतील. चौघींनी मिळून सांगितलं की मग डॉक्टरलाही तो एका बाईचा खासगी त्रास म्हणून टाळता येत नाही.

पुढच्या अंकासाठी तुमच्या भागातल्या केंद्रांचे अनुभव लिहून पाठवा. बाईचं नाव नको, गावाचंही नको. एवढंच लिहा : प्रश्न कुणी विचारला का, बाई काय म्हणाली आणि पुढे काय झालं. अशी पत्रं गोळा झाली की ती घेऊन आपण राज्याच्या अधिकाऱ्यांकडे जाऊ. चार प्रश्न कार्डावर आहेत. पाचव्यासाठी जागा आपण मागून घेऊ, आणि मिळेपर्यंत मागत राहू.